बोस्टनहून आलेली माणसं

फ्रेझर क्रेन पहिल्यांदा पडद्यावर आला तो दुसऱ्यांच्या प्रेमकथेतला अडसर म्हणून. 27 सप्टेंबर 1984 रोजी ‘चीअर्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेचं तिसरं पर्व सुरू झालं. बोस्टनमधल्या एका बारचा मालक सॅम मलोन आणि तिथं वेट्रेसचं काम करणारी डायन चेंबर्स यांचं नुकतंच फाटलं होतं. सॅम एके काळचा बेसबॉलपटू, कष्टानं दारू सोडलेला. तो पुन्हा प्यायला लागला होता. डायन मानसोपचारासाठी रुग्णालयात दाखल झाली होती आणि परतली ती तिथल्या डॉक्टरच्या प्रेमात पडून. तो डॉक्टर म्हणजे फ्रेझर. लेखकांच्या हिशेबात त्याचं काम मोजक्या भागांपुरतं होतं. सॅम आणि डायन यांच्या मधे उभं राहायचं, हार्वर्डमध्ये शिकलेल्या माणसाचा तोरा मिरवायचा आणि वेळ आली की बाजूला व्हायचं. पण केल्सी ग्रॅमर यांनी तो असा काही उभा केला की त्याला निरोप देणं लेखकांनाच जड गेलं. ‘चीअर्स’ 1993 मध्ये संपली, त्याच वर्षी फ्रेझरच्या नावाची स्वतंत्र मालिका सुरू झाली आणि ती 2004 पर्यंत चालली. एकाच नटानं एकच पात्र सलग 20 वर्षं साकारण्याचा जो विक्रम ‘गनस्मोक’मधल्या मार्शल डिलनमुळे जेम्स आर्नेस यांच्या नावावर होता, त्याच्याशी ग्रॅमर यांनी बरोबरी केली. पुढे 2023 मध्ये फ्रेझर पुन्हा आला, साठी उलटलेला.

हे पुस्तक या माणसाविषयी आहे, आणि त्याहून जास्त त्याला ओळखणाऱ्या माणसांविषयी. फ्रेझर म्हणजे कोण, हे मला त्याच्या स्वभावाच्या वर्णनातून कधीच नीट सांगता आलं नाही. गर्विष्ठ, रसिक, हळवा, बडबड्या, मदतीला धावणारा आणि मदत करताना घोळ घालणारा, ही सगळी विशेषणं त्याला लागू पडतात, आणि ती जोडून झाली तरी माणूस हातात येत नाही. तो हाती येतो तेव्हा समोर कोणीतरी असतं. डायनसमोर एक फ्रेझर आहे, पुढे पत्नी झालेल्या आणि दुरावलेल्या लिलिथसमोर दुसरा, सॅमसमोर तिसरा. वडिलांसमोर तर वय कितीही झालं तरी तो दहा वर्षांचा होतो. या सगळ्यांना वगळून खरा फ्रेझर शोधायला गेलं तर उरतो फक्त चांगल्या शेरीचा एक पेला.

सिटकॉमची घडणच अशी की तिथं माणसानं बदलून चालत नाही. त्या काळी अमेरिकेत मालिकेची मोठी कमाई पहिल्या प्रक्षेपणापेक्षा नंतरच्या पुनःप्रक्षेपणातून होई. शंभराच्या आसपास भाग तयार झाले की मालिका गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना विकली जाई आणि रोज संध्याकाळी लागे. मधूनच पाहायला बसलेल्या माणसालाही वीस-बावीस मिनिटांत सगळं कळलं पाहिजे, हा लेखनाचा पहिला नियम. म्हणून आठवड्याच्या शेवटी पात्र जिथून निघालं तिथंच परत यायचं, नोकरी तीच, घर तेच, खोडी त्याच. ‘चीअर्स’नं सॅम आणि डायनची कथा भागाभागांतून पुढे नेऊन ही चौकट पुष्कळ सैल केली, तरी चौकट होतीच. अशा पात्राला भूतकाळ मिळणार कुठून? त्याच्या मनात तो साठवता येत नाही, कारण दर आठवड्याला पाटी पुसायची असते. मग लेखक तो दुसऱ्या माणसांकडे ठेवायला देतात. जुना मित्र दार वाजवतो, माजी पत्नी फोन करते, आणि आतापर्यंत न दिसलेली वर्षं एकदम खोलीत येऊन बसतात. पाहुणा गेला की वर्षंही त्याच्याबरोबर जातात, पुढच्या आठवड्याची गोष्ट अडत नाही. व्यवसायाच्या सोयीतून निघालेली ही युक्ती आहे, पण माणसाविषयी तिला काही खरं उमगलेलं आहे असं मला वाटतं. आपल्याला ओळखणारा माणूस समोर आला की आपण विसरलेले आपण परत येतो, हा अनुभव कोणाला नाही?

फ्रेझरच्या बाबतीत ही गोष्ट इतकी ठळक दिसण्याचं कारण त्याचा जन्म. तो स्वतःच कोणाच्या तरी आयुष्यातला मधला माणूस म्हणून जन्मला. डायननं त्याला इटलीला नेलं आणि ऐन लग्नाच्या वेळी सोडलं. 1985 मध्ये चौथं पर्व सुरू होतं तेव्हा तो बोस्टनला परत आलेला आहे, कोलमडलेला, सॅमवर पिस्तूल रोखण्यापर्यंत मजल गेलेला. आणि नंतर कुठं जातो? ज्या बारमध्ये त्याला हरवणारा माणूस गल्ल्यावर उभा आहे, त्याच बारमध्ये तो रोज जाऊन बसतो. इतक्या मोठ्या शहरात त्याला दुसरी जागा सापडत नाही. मला ‘चीअर्स’मधली ही सर्वांत करुण आणि सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्याची मैत्री झाली ती त्याच्या पराभवाच्या साक्षीदारांशी. नॉर्म, क्लिफ, कार्ला, वूडी, सॅम, यांच्यातल्या कोणालाही त्याच्या पदव्यांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी त्याला पाहिलं होतं ते लग्नाच्या मांडवातून परत आलेला माणूस म्हणून.

त्या बारनं त्याला काय केलं हे दोन प्रसंगांत दिसतं. पहिला त्याच्या अगदी सुरुवातीचा, 1985 चाच, डायन सोडून जाण्याच्या आधीचा. बारमधली मंडळी डायनच्या आग्रहाखातर फ्रेझरला सहलीला बरोबर नेतात, पण नेऊन करतात काय, तर ‘स्नाइप’ पकडायला म्हणून हातात पिशवी देऊन त्याला रानात उभं करतात आणि गाडी काढून निघून येतात. नवख्याला बनवण्याचा हा अमेरिकेतला जुना खेळ आहे. फ्रेझर परत येतो तो आनंदानं फुललेला. आपल्याला कोणीतरी खेळायला घेतलं याचंच त्याला अप्रूप. पुढे तो हा डाव त्यांच्यावरच उलटवतो, पण माझ्या लक्षात राहतो तो आनंद. शाळेत कोणी संघात न घेतलेला मुलगा त्या एका हसण्यात दिसून जातो. दुसरा प्रसंग बऱ्याच नंतरचा. फ्रेझर बारमध्ये डिकन्सची कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवतो आहे. ऐकणारे कंटाळतात, उठायला लागतात. मग तो पान न उलटता गोष्टीत नवी भर घालतो, निरागस मुलांना गटारात बोलावून गिळणारा एक रक्तपिपासू विदूषक त्यात आणून सोडतो. मंडळी पुन्हा खुर्च्या ओढून बसतात. हार्वर्डच्या डॉक्टरला आपलं ज्ञान दुसऱ्याच्या कानांपर्यंत पोचवायचं तर काय करावं लागतं, हे या बारनं शिकवलं. पुढे सिएटलच्या रेडिओवर तो दहा-अकरा वर्षं जे करतो त्याची उमेदवारी इथंच झाली. रेडिओवर फोन करणाऱ्या अनोळखी माणसाचं ऐकून घ्यायची सवय त्याला पदवीनं दिली नव्हती.

1993 मध्ये डेव्हिड एंजेल, पीटर केसी आणि डेव्हिड ली या तिघांकडे फ्रेझरची नवी मालिका आली तेव्हा त्यांनी आधी वेगळाच बेत केला होता. ग्रॅमर यांच्यासाठी अंथरुणाला खिळलेल्या एका श्रीमंत प्रकाशकाचं नवं पात्र लिहायचं होतं. स्टुडिओनं फ्रेझरच हवा असं सांगितलं. मग त्यांनी ठरवलं की न्यायचंच तर त्याला बोस्टनपासून होईल तितकं दूर न्यायचं, म्हणजे वाहिनीनं आठवड्याआड जुन्या पात्रांना आणायचा हट्ट धरायला नको. म्हणून सिएटल, देशाच्या थेट दुसऱ्या टोकाला. पहिल्या पर्वात बोस्टनहून एकटी लिलिथ येते, बाकी कोणी नाही. मला हा संयम फार महत्त्वाचा वाटतो. भूतकाळ दूर ठेवला म्हणूनच त्याला पुढे वजन आलं.

पण सिएटलमध्ये त्याच्यासाठी आणखी मागचा भूतकाळ वाट पाहत होता, आणि तो लेखकांना नव्यानं बनवावा लागला. पोलीस खात्यातून कंबरेत गोळी लागून निवृत्त झालेले वडील मार्टिन, काठी टेकत चालणारे. धाकटा भाऊ नाइल्स, तोही मानसोपचारतज्ज्ञ. डेव्हिड हाइड पिअर्स यांचा चेहरा तरुणपणीच्या ग्रॅमर यांच्याशी इतका जुळत होता की त्यांच्यासाठी भावाचं पात्रच तयार झालं. नाइल्सकडे पाहताना मला नेहमी वाटतं, बोस्टनच्या त्या बारमध्ये पाऊल न टाकलेला फ्रेझर असाच दिसला असता. दोघांचे कपडे, वाइन, ऑपेरा सगळं एक. फरक एवढाच की फ्रेझरला नॉर्मच्या शेजारच्या स्टुलावर बसायची सवय होती, आणि म्हणून वडिलांच्या चिकटपट्टी लावलेल्या आरामखुर्चीशी त्याला शेवटी तडजोड करता येते. ती खुर्ची पहिल्याच भागात त्याच्या निवडक फर्निचरमध्ये येऊन बसते आणि अकरा वर्षं हलत नाही. मध्ये एकदा तो ती बदलून नवी आणतो. तेव्हा मार्टिन सांगतात की या खुर्चीत बसून त्यांनी माणूस चंद्रावर उतरताना पाहिला, आणि नातू झाल्याचा फ्रेझरचा फोन आला तेव्हाही ते याच खुर्चीत होते. फ्रेझर ती खुर्ची शोधायला धावतो.

इथं मोठी अडचण होती, आणि या पुस्तकाचं बीज त्या अडचणीत आहे. ‘चीअर्स’मध्ये फ्रेझरनं आपले वडील वारले आहेत, ते शास्त्रज्ञ होते, असं सांगितलं होतं. भावाचा तर तिथं पत्ताच नव्हता. आई, हेस्टर, एकदा येऊन गेली होती. 1984 च्या त्या भागात तिनं डायनला माझ्या मुलाचा नाद सोड, नाहीतर जिवानिशी जाशील अशी गोड आवाजात धमकी दिली होती. आता वडील जिवंत, शास्त्रज्ञ नाहीत, पोलीस आहेत. अशी विसंगती दूरचित्रवाणीत नवी नाही. बहुतेक लेखक ती न बोलता झाकतात आणि प्रेक्षकही उदार मनानं विसरतात. या लेखकांनी वेगळं केलं. 1995 मध्ये, दुसऱ्या पर्वात, सॅम मलोन सिएटलला येतो आणि मार्टिनना भेटतो. तो चकित होऊन विचारतो, तुम्ही तर वारलात ना? खोलीतले सगळे फ्रेझरकडे वळून पाहतात. त्याला कबूल करावं लागतं की तेव्हा बाबांशी भांडण झालं होतं, त्यांनी फोन आपटला होता, रागाच्या भरात आपण तसं सांगून टाकलं.

लेखकांच्या टेबलावरची चूक इथं पात्राची चूक झाली. आणि क्षणात मागची नऊ वर्षं वेगळी दिसू लागली. बारमध्ये बसून हसणारा तो माणूस वडिलांना मेलेले सांगून बसला होता. पोलिसाचा मुलगा आहोत हे त्यानं शास्त्रज्ञाच्या खाली पुरलं होतं. तो सुसंस्कृतपणाचा सगळा डौल कशावर उभा होता हे कळलं, आणि ते सांगितलं कोणी? सॅमनं, तेही नकळत. फ्रेझरला स्वतःहून हे कधी बोलता आलं नसतं. मानसोपचारतज्ज्ञ असूनही नाही. जुना मित्र म्हणजे आपल्या जुन्या खोटेपणाची पावती जपून ठेवणारा माणूस, आणि सॅमला तर ती आपल्या खिशात आहे हेही ठाऊक नव्हतं. त्याच भागात सॅम स्वतःच्या लग्नातून पळून आलेला असतो आणि सल्ला मागायला फ्रेझरकडे येतो. लग्नाच्या दारात टाकून दिलेल्या माणसाला, टाकून पळालेल्याला समजवावं लागतं. लेखकांनी या योगायोगाकडे बोटही दाखवलेलं नाही. ज्यानं ‘चीअर्स’ पाहिली आहे त्याला तो आपसूक टोचतो.

डायन येते ती पुढच्या वर्षी, 13 फेब्रुवारी 1996 च्या भागात. हा भाग मी इतरांपेक्षा वर ठेवते आणि या पुस्तकात त्याला दोन प्रकरणं दिली आहेत. डायननं नाटक लिहिलं आहे. नाटक एका बारमध्ये घडतं, बोस्टनच्या. त्यात तिच्यासारखीच एक वेट्रेस आहे जिच्यावर सगळ्यांचा जीव आहे, मालक आहे, गिऱ्हाइकं आहेत, आणि फ्रँकलिन नावाचा एक डॉक्टर आहे. म्हणजे ‘चीअर्स’ची सगळी वर्षं डायनला हवी होती तशी पुन्हा लिहिलेली. फ्रेझर तालमीला बसलेला आहे. आपल्याच आयुष्याचं दुसऱ्यानं केलेलं लेखन तो पाहतो आहे. फ्रँकलिनचं काम करणारा नट विचारतो की ही बाई मला लग्नाच्या दिवशी सोडून गेली, तर आता तिच्याशी बोलताना माझ्या मनात काय चाललं असेल? डायन काहीतरी गुळमुळीत उत्तर देते. आणि फ्रेझर उठतो. त्या नटाला तो सांगतो की तुझ्या मनात काय असायला हवं. जे बाहेर पडतं ते अकरा वर्षं आत कोंडलेलं आहे. हृदय उपटून कुत्र्यांपुढे टाकल्यासारखी वेदना, झालेली नाचक्की, आणि एवढं होऊनही तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही याचा राग. पाहणाऱ्याला हसू येतं आणि थांबतं.

या प्रसंगाचं लेखन किती नेमकं आहे ते पाहण्यासारखं आहे. फ्रेझर हे डायनला थेट सांगू शकत नाही. ती पाहुणी म्हणून आलेली असताना, जेवणाच्या टेबलावर तो सभ्यपणे हसत राहतो. त्याला बोलायला एक आडोसा लागतो, नटाला भूमिका समजावून सांगण्याचा. रुग्णांना मन मोकळं करायला शिकवणारा डॉक्टर स्वतःचं मन दुसऱ्याच्या पात्रातून मोकळं करतो. आणि तिथं आणखी एक गोष्ट घडते. डायनचं नाटक खोटं आहे, पण ते तिला का लिहावंसं वाटलं हे फ्रेझरला समजतं, आणि तिनं त्याला काय केलं हे तिला पहिल्यांदा समजतं. दोघांकडे त्या वर्षांची आपापली प्रत आहे आणि दोन्ही प्रती एकमेकांशी जुळत नाहीत. माणसाची ओळख त्याच्या आठवणींनी बनते असं आपण सहज म्हणतो. पण ज्या आठवणीत तो खलनायक किंवा विदूषक आहे अशी आठवण दुसऱ्याच कोणाकडे असते, आणि तीही त्याच्या ओळखीत धरावी लागते.

लिलिथ स्टर्निन हा विषय यापेक्षा कठीण. तीही मानसोपचारतज्ज्ञ, बर्फासारखी शांत, केस घट्ट बांधलेले. बेबी न्यूवर्थ यांनी ती भूमिका केली. ‘चीअर्स’मध्ये 1986 साली ती पहिल्यांदा येते, फ्रेझरशी लग्न करते, फ्रेडरिक हा मुलगा होतो, ती दुसऱ्या पुरुषाकडे जाते, परतते, आणि फ्रेझर सिएटलला येतो तेव्हा घटस्फोट झालेला असतो. पहिल्या पर्वात ती परत येते तीच फ्रेझरच्या रेडिओ कार्यक्रमाला फोन करून. त्या रात्री दोघं एकत्र येतात आणि सकाळी दोघांनाही कळतं की हे आता नाही. तिच्यासमोर फ्रेझरला कसलाच आव आणता येत नाही, कारण त्याच्या प्रत्येक क्लृप्तीचं शास्त्रीय नाव तिला ठाऊक आहे. म्हणूनच मला त्यांच्यातली शेवटची रात्र, 2003 च्या भागातली, इतकी आवडते. हॉटेलच्या खोलीत दोघं आहेत, शेजारच्या खोलीत एक तरुण जोडपं जोरजोरात भांडतं आहे. हे दोघं जाऊन त्यांचं भांडण मिटवतात. स्वतःचं लग्न ज्यांना टिकवता आलं नाही त्यांना दुसऱ्याचं लग्न कसं वाचवायचं हे नीट माहीत आहे, आणि ते काम करताना दोघं इतके सहज एका सुरात बोलतात की त्यांचं लग्न एके काळी खरंच लग्न होतं यावर विश्वास बसतो. ‘चीअर्स’च्या सगळ्या वर्षांत तो माझा बसला नव्हता.

मित्र मात्र वेगळ्या रीतीनं परत येतात. 1999 मध्ये वूडी येतो. पहिली रात्र हसण्यात जाते, जुन्या गोष्टी निघतात, दोघं खूश. दुसऱ्या दिवशी बोलायला काही उरत नाही. तरी एकमेकांचं मन मोडू नये म्हणून पुन्हा भेटत राहतात, आणि शेवटी उलगडतं की दोघंही कंटाळले होते, दोघंही दुसऱ्यासाठी तग धरून होते. इथं लेखकांनी प्रेक्षकालाही शहाणं केलं आहे. आपल्यालाही पुन्हा तो बार हवा असतो, तेच हसणं हवं असतं, आणि ते मिळत नाही. 2002 मध्ये फ्रेझर बोस्टनला जातो तेव्हा विमानतळावर क्लिफ भेटतो. टपाल खात्यातून निवृत्त होऊन तो फ्लोरिडाला निघाला आहे आणि फ्रेझर आपल्याच निरोप समारंभाला आला आहे असं समजतो. फ्रेझरला नाही म्हणवत नाही. तिथं नॉर्म आहे, कार्ला आहे. क्लिफ जाणार म्हणून कार्लाला झालेला आनंद पाहण्यासारखा आहे. ज्या मंडळींनी फ्रेझरला पूर्वी रानात सोडून दिलं होतं, त्यांच्यातल्या सर्वांत नकोशा माणसासाठी तो आता सगळ्यांना दोन चांगले शब्द बोलायला लावतो. ‘चीअर्स’च्या शेवटाला जिवंत असलेल्या मुख्य पात्रांपैकी फक्त रिबेका या मालिकेत कधी आली नाही.

2001 च्या सप्टेंबरात दाखवलेल्या जोडभागांत तर सगळे जुने संबंध एका जागी जमतात. फ्रेझर एकटा घरच्या जुन्या केबिनमध्ये गेला आहे आणि त्याच्या कल्पनेत डायन, लिलिथ आणि पहिली पत्नी नॅनेट एकमेकींशी वाद घालत आहेत, शेवटी आई येते. हा भाग अनेकांना आवडतो. मला तो जरा सांगून टाकणारा वाटतो. जे आधीच्या भागांत नटाच्या एका प्रश्नातून किंवा सॅमच्या एका चकित वाक्यातून उमटलं होतं, ते इथं मोठ्यानं वाचून दाखवलं आहे. तरी एक गोष्ट त्यानं पक्की केली: या सगळ्या स्त्रिया फ्रेझरच्या डोक्यात कायम राहतात, आणि त्यांना गप्प करणं त्याला अजून जमलेलं नाही.

रॉझबद्दल इथं कमी लिहिते, कारण पुस्तकात तिच्याविषयी बरंच आहे. एवढंच सांगते की रॉझ डॉयल, त्याच्या रेडिओ कार्यक्रमाची निर्माती, ही त्याची सिएटलमध्ये स्वतः मिळवलेली पहिली मैत्रीण. तिला बोस्टन ठाऊक नाही, डायन ठाऊक नाही, त्याचा पराभव तिनं पाहिलेला नाही. तिच्यासमोर त्याला नवीन माणूस होता आलं.

2023 च्या मालिकेवर पुष्कळ टीका झाली आणि दोन पर्वांनंतर ती थांबली. मार्टिनची भूमिका करणारे जॉन माहोनी 2018 मध्ये गेले होते, त्यामुळे मार्टिन नाहीत. डेव्हिड हाइड पिअर्स आले नाहीत, त्यामुळे नाइल्स नाही. टीकेतलं बरंचसं मला पटतं. पण तिच्या कमकुवतपणाचं कारण लेखन सुमार होतं एवढंच नाही. फ्रेझर बोस्टनला परत येतो आणि त्याला ओळखणारे जवळजवळ कोणीच शिल्लक नाही. ऑक्सफर्डमधला जुना मित्र अ‍ॅलन आहे, पण त्याचा तो जुनेपणा आम्ही पाहिलेला नाही, आम्हाला तो सांगितलेला आहे. लिलिथ आणि रॉझ येतात तेव्हा पडदा एकदम भरून जातो. दुसरीकडे, मुलगा फ्रेडी अग्निशमन दलात आहे, हार्वर्ड सोडून आलेला, आणि आपल्या आयुष्यातली महत्त्वाची गोष्ट बापापासून लपवतो: मरण पावलेल्या सहकाऱ्याच्या जोडीदारणीला आणि तिच्या बाळाला तो सांभाळतो आहे. बापाला सांगायची गोष्ट बाहेर ठेवणारा मुलगा म्हणजे कोण हे ज्याला ‘चीअर्स’ आठवते त्याला कळतंच. मालिकेनं तो धागा आणखी ताणायला हवा होता.

या मालिकेतल्या नव्या बारचं नाव माहोनीज आहे. नाइल्सच्या मुलाचं नाव डेव्हिड, ते त्याच्या जन्माच्या वेळी, 2004 च्या शेवटच्या भागात, डेव्हिड एंजेल यांच्या आठवणीत ठेवलं गेलं. एंजेल आणि त्यांची पत्नी लिन 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवलेल्या पहिल्या विमानात होते. पात्रांचा भूतकाळ माणसांकडे ठेवणाऱ्या लेखकांनी आपल्या मित्रालाही पात्रांमध्ये ठेवलं.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी. प्रकरणं प्रक्षेपणाच्या क्रमानं लावलेली नाहीत, माणसांच्या क्रमानं लावली आहेत. प्रत्येक प्रकरणात एकाच माणसाच्या डोळ्यांनी फ्रेझरकडे पाहिलं आहे, त्यामुळे काही प्रसंग दोन-तीनदा येतात आणि दर वेळी वेगळे दिसतात. ज्यांनी ‘चीअर्स’ पाहिली नाही त्यांनी थेट दुसरी मालिका सुरू केली तरी चालेल. पहिल्या पर्वात अडण्यासारखं काही नाही. मात्र सॅमचा आणि डायनचा भाग पाहण्याआधी ‘चीअर्स’च्या तिसऱ्या आणि चौथ्या पर्वाचे सुरुवातीचे भाग जरूर पाहावेत. मी सुरुवात लिलिथपासून केली आहे. डायननं त्याला घडवलं, सॅमनं उघडं पाडलं, मार्टिननी सांभाळून घेतलं. पण फ्रेझरशी कसं भांडायचं हे फक्त लिलिथला येतं, आणि त्याचे खरे दोष तिच्याच तोंडून ऐकावेत.